वॉशिंग मशीनच्या सायकली आणि पाण्याचं खरं तापमान

वॉशिंग मशीनच्या डायलवर २०, ३०, ४०, ६०, ९० असे आकडे असतात. हे अंश सेल्सिअस. पण हा आकडा म्हणजे त्या सायकलचं नाव असतं, कपड्यांमध्ये थर्मामीटर खुपसला तर तेवढाच दिसेल असं नाही. शिवाय तापतं ते फक्त मुख्य धुलाईचं पाणी, नंतर कपडे विसळले जातात ते बहुतेक मशीनमध्ये नळाच्या पाण्यातच.

फ्रंट लोडमध्ये ड्रमच्या खाली, टबच्या तळाशी हीटरची कॉइल असते, साधारण २ किलोवॅटची, आणि तिच्या जवळच सेन्सर. आता सेन्सरपाशी पाणी ६० ला पोचलं म्हणून घडी पडलेल्या जाड चादरीच्या आतही ६० झालं असं होत नाही, कारण कपडे वर ड्रममध्ये, पाणी खाली थोडंसंच, आणि ड्रम फिरेल तसतसं ते गरम पाणी कपड्यात झिरपत जातं. म्हणून युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांत (लागू १ मार्च २०२१) माहितीपुस्तिकेत कपड्यांच्या आत किमान ५ मिनिटं टिकलेलं कमाल तापमान छापायला लावलंय, हीटरपाशी काय होतं ते नाही. मॅन्युअलमधलं ते कोष्टक जरूर बघावं, डायलपेक्षा जास्त खरं तिथे लिहिलेलं असतं.

वेळेचा हिशोब सोपा आहे. १२ लिटर पाणी २५ वरून ६० ला न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या हीटरला नुसतं पाणी तापवायलाच जवळपास १५ मिनिटं, त्यात ओले कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापायचा असतो. म्हणजे १५ मिनिटांच्या क्विक वॉशमध्ये खरे ६० अंश येऊच शकत नाहीत, कुठलीही कंपनी असो. ४० ला याच्या निम्म्याहून कमी वीज पुरते. हाताने अंदाज घ्यायचा तर दाराच्या काचेला लांबूनच हात न्यावा, ४० वर काच कोमट लागते, खऱ्या ६० वर चांगलीच गरम.

युरोपातल्या मशीनवर 'इको ४०-६०' अशी सायकल असते आणि तिकडे राहायला गेलेली आपली मंडळी हमखास गोंधळतात की तीन-साडेतीन तास चालून कपडे कोमटच कसे. ४०-६० याचा अर्थ ज्या कपड्यांच्या लेबलवर ४० किंवा ६० आहे ते एकत्र धुता येतील, पाणी तेवढं तापेल असा नाही. जर्मन रसायनतज्ज्ञ हेर्बर्ट झिन्नर यांनी १९५९ मध्ये मांडलेलं वर्तुळ इथे कामाला येतं. साबण, उष्णता, घुसळण आणि वेळ हे चार भाग, एक कमी केला की दुसरा वाढवायचा. इकोमध्ये उष्णता कमी करून वेळ वाढवलेला असतो.

हेच आकडे का, यावर दोन मतं दिसतात. एक मत लेबलच्या चिन्हांकडे बोट दाखवतं. टबचं चित्र आणि आत आकडा किंवा ठिपके (एक म्हणजे ३०, दोन ४०, चार ६०, सहा ९५) ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रुळली आणि पुढे आयएसओ ३७५८ या मानकात आली. दुसरं मत साबणाच्या रसायनाकडे बघतं आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. १९०७ मध्ये जर्मनीत पर्सिल ही धुण्याची पावडर आली, तिच्यातलं परबोरेट हे ब्लीच साधारण ६० च्या वरच नीट काम करतं, म्हणून पांढरे कपडे उकळत्याच्या जवळ आणि रंगीत त्याखाली अशी विभागणी टिकली असावी. तशी पांढरे कपडे सोड्यात घालून वाफवायची परटाची भट्टी आपल्याकडेही होतीच. पुढे टीएईडी नावाचं द्रव्य मिसळल्यावर परबोरेट ४० लाही चालू लागलं, आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं तर ३० ते ५० मध्येच खूश असतात, फार उष्णतेत ती मरगळतात. म्हणून रक्ताचा, दुधाचा डाग थेट ६० ला टाकू नये, प्रथिन शिजून धाग्यात बसतं.

आकड्याचा खरा प्रश्न येतो आजारपणात. धुळीतले माइट, म्हणजे दम्याला त्रास देणारे सूक्ष्म किडे, मरायला ५५ किंवा जास्त लागतात. ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या धुलाईसाठी ६५ ला १० मिनिटं किंवा ७१ ला ३ मिनिटं असा दंडक आहे, आणि तो टिकलेल्या तापमानाचा आहे, क्षणभर शिवलेल्या नव्हे. दम्याच्या पेशंटच्या चादरीला ४० ची सायकल लावून निर्धास्त राहू नये, कॉटन ६० ची लांब सायकल लावावी, इको नको, आणि ड्रम गच्च भरू नये.

सेमी ऑटोमॅटिकला आणि बऱ्याच टॉप लोडला हीटरच नसतो, टाकीतलं येईल तेच पाणी. आणि हीटर असला तरी मशीन पाणी फक्त तापवू शकतं, गार करू शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेल्या पाण्यावर २० ची सायकल लावण्याला काही अर्थ उरत नाही, लोकरीचे आणि कच्च्या रंगाचे कपडे तेव्हा पहाटेच लावावेत. बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळा, तापवलं की क्षार कॉइलवर पांढरा थर धरतात, मग तेवढ्याच पाण्याला जास्त वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते.