अवरक्त उत्तापमापी

पृष्ठभागाला हात न लावता, त्यातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांवरून त्याचे तापमान काढणारे उपकरण. बाजारात त्याला ‘टेंपरेचर गन’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर ते बोटींची इंजिने, काजू कारखान्यांतील यंत्रे, विजेची पॅनेल, बर्फातली मासळी आणि घरांची छपरे तपासायला वापरतात. गन लेझरने तापमान मोजते, हा सर्रास आढळणारा गैरसमज. लाल ठिपका केवळ नेम धरण्यासाठी असतो. तो बंद केला तरी आकडा तोच येतो.

प्रत्येक वस्तू आपल्या निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात ऊर्जा उत्सर्जित करते (भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान, १८७९; बोल्ट्झमन, १८८४). ३० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागाचे सर्वाधिक उत्सर्जन सुमारे ९.६ मायक्रोमीटर तरंगलांबीला असते. म्हणून सामान्य गन ८ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा पाहते. हवेतील बाष्प या पट्ट्यात किरण फारसे शोषत नाही, त्यामुळे दोन-चार मीटरवरून मोजताना दमट हवेचा अडथळा जाणवत नाही. काच मात्र या किरणांना भिंतीसारखी असते. खिडकीआडून मोजले तर काचेचेच तापमान मिळते.

भिंगामागे थर्मोपाईल असतो, म्हणजे एकापुढे एक जोडलेली बारीक तापयुग्मे (दोन धातूंचे सांधे, तापमानातल्या फरकाने वीजदाब देणारे). तो समोरच्या वस्तूच्या आणि स्वतःच्या तापमानातला फरक मोजतो. एसी गाडीतून काढून लगेच मोजले की आकडा चुकतो तो यामुळेच, शिवाय भिंगावर दव धरते. उपकरण २० ते ३० मिनिटे बाहेर ठेवावे. अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचे गुणोत्तर १२:१ असेल, तर १ मीटरवरून साधारण ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी येते. छोटी बेअरिंग तपासायची तर जवळ जायलाच हवे. वस्तू या वर्तुळाच्या दुप्पट असावी. अगदी जवळून लेझरचा ठिपका खऱ्या केंद्रापासून थोडा सरकलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरी गफलत होते ती उत्सर्जकतेत. आदर्श कृष्ण पदार्थाच्या (सर्व किरण शोषणाऱ्या आणि सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या कल्पित पदार्थाच्या) तुलनेत पृष्ठभाग किती उत्सर्जन करतो, तो हा अंक. बहुतेक गन ०.९५ धरून चालतात. जांभा चिरा, मंगलोरी कौल, रंगवलेली भिंत, लाकूड, पाणी यांना ते चालते. नव्या चकचकीत जस्ताच्या पत्र्याची उत्सर्जकता मात्र ०.२५ च्या आसपास असते. उरलेला तीन-चतुर्थांश भाग परावर्तनाचा, आणि छपरावर परावर्तित होते ते आकाश. पत्रा ६० अंशांवर तापलेला आणि निरभ्र आकाशाचे वाचन उणे १० असेल, तर हिशोबाने गन १० ते १५ अंश दाखवेल. हात लावला तर चटका बसेल! तोच पत्रा गंजला किंवा रंगवला की वाचन बरेच खरे येते. पॅनेलमधली चकाकती तांब्याची पट्टी आणि इंजिनाचा स्टीलचा पाइप यांचेही असेच; तिथे थंड दिसणारा आकडा धोक्याचा.

उपाय स्वस्त आहे. विजेची काळी टेप पत्र्यावर घट्ट चिकटवावी, हवेचे बुडबुडे काढावेत, काही मिनिटे थांबावे आणि टेपवर ०.९५ ला वाचन घ्यावे. मग शेजारच्या उघड्या पत्र्यावर नेम धरून तोच आकडा येईपर्यंत उत्सर्जकतेचे बटण दाबत राहावे. मिळालेला अंक त्या पत्र्यापुरता, आणि त्याच आकाशाखाली. फार तापलेल्या पाइपावर टेप वितळते. तिथे उष्णतारोधक काळा रंग लावावा. जिवंत विजेच्या पट्टीला टेप किंवा रंग लावायला जाऊ नये, आधी प्रवाह बंद करावा.

ओल्या पृष्ठभागाचे वाचन पाण्याच्या वरच्या थराचेच असते. वाऱ्यात बाष्पीभवनाने तो थर आतल्या मालापेक्षा थंड होतो. म्हणून टोपलीतल्या मासळीच्या गाभ्याचे तापमान गनने ठरवू नये, तिथे सुईचा थर्मामीटरच हवा. धक्क्यावरून समुद्र मोजताना जवळपास खाली पाहावे. तिरक्या नजरेने पाणी आकाश परावर्तित करते. तरी मिळते ते मिलिमीटरच्याही अंशाइतक्या पातळ थराचे तापमान.

खाऱ्या हवेत भिंगावर मिठाचा थर बसतो. कोरडे मीठ हे किरण बऱ्यापैकी आत सोडते, पण ते ओल ओढते आणि पाण्याची साय किरण अडवते. भिंग कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवावा.

पडताळणीसाठी थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडे गोडे पाणी घालून ढवळावे व सरळ वरून, जवळून मोजावे. ० च्या दोन अंश इकडेतिकडे चालते. बंदरातून आणलेला मासळीचा बर्फ मात्र नको. तो खारावलेला असतो, आणि खाऱ्या पाण्याचा बर्फ ० च्या खाली वितळतो.