सूक्ष्मास्त्रे (उत्तर गुजरात)

मध्याश्मयुगातील दगडी अवजारे, लांबी बहुधा एक ते चार सेंटिमीटर. चर्ट, अकीक, जास्पर असा काचेसारखा फुटणारा दगड घेऊन त्याचा गाभा तयार करायचा, गाभ्यावरून अरुंद पाती काढायची, मग ती तोडून एक कड बोथट करत चंद्रकोर, त्रिकोण किंवा समलंब आकार द्यायचा, असे हे तंत्र. बोथट कड लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवीत; धार बाहेर राही. तुकडा मोडला तर तेवढाच बदलायचा. पुढच्या मुक्कामापुरता माल मुठीत मावे.

उत्तर गुजरातेत या अवजारांना वेगळे मोल आहे, कारण तिथल्या वाळूच्या टेकाडांवर दगडच नाही. सापडलेली प्रत्येक कपची कोणीतरी उचलून आणलेली आहे. म्हणून अभ्यासक सुबक अवजारांइतकाच कचराही मोजतात. दगडाची मूळ साल असलेले छिलके कमी असतील तर गाभा दुसरीकडेच सोलून आणला असावा. गाभा नखाएवढा होईपर्यंत वापरला असेल तर खाण लांब, किंवा तिकडे जाण्याचा हंगाम लांब. ही अवजारे वापरणाऱ्यांना लावला जाणारा 'भटके' हा शब्द इथे फसवा ठरतो. पावसाळ्यानंतर टेकाडांमधल्या खोलगट भागांत पाणी साचे, आणि वस्तीच्या खुणा त्यांच्याच काठी मिळतात.

उत्तर गुजरातेतील मेहसाणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे संस्थानाच्या कडी प्रांतात होते. संस्थानचे भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८९३ मध्ये साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारे शोधली. १९४०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी मेहसाण्याजवळील लांघणज उकरले. सूक्ष्मास्त्रांबरोबर पाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे आणि गेंड्याची हाडे मिळाली. आजच्या कोरड्या मेहसाण्यात गेंडा डोळ्यांपुढे आणणे जड जाते. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग १९५० मध्ये बेंडापुडी सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. उत्तर गुजरातेतील लोटेश्वर या मध्याश्मयुगीन स्थळाचे उत्खनन याच विभागाचे.

बडोद्याच्या मराठी घरांत अकीक ठाऊक असतो तो खंबायतच्या मण्यांमुळे. रतनपूरच्या खाणीतला हा दगड तापवला की लालसर होतो. अकीक-चर्ट तापवल्याने पाती काढणेही सोपे जाते, ही युक्ती मात्र मण्यांच्या धंद्यापेक्षा कितीतरी जुनी.

लांघणजच्या वरच्या थरात सूक्ष्मास्त्रांच्या सोबतीला तांब्याची एक सुरी निघाली. तांबे तिथे होत नाही. दगडासारखेच तेही बाहेरून आले.