शब्द दिलेले की आपले? ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

येशूकडे एका शिष्याने सगळ्यांसाठी एक मागणी केली ती अशी: ‘प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा.’ बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ११व्या अध्यायात हा प्रसंग आहे. गंमत म्हणजे हे शिष्य सगळे यहुदी होते. बायबलमधील १५० स्तोत्रे म्हणतच लहानाचे मोठे झालेले. प्रार्थना त्यांना येत नव्हती असे मुळीच नाही. तरीही त्यांना ती शिकून घ्यावीशी वाटली. उत्तरादाखल येशूने जे शब्द दिले, तीच आज जगभर म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच येशू बजावतो की व्यर्थ बडबड करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या. म्हणजे शब्दही दिले आणि शब्दांपासून सावधही केले. पुढची जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणूस या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहिला आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीने यहुदी धर्मातील प्रार्थनेच्या वेळा तशाच चालू ठेवल्या. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान दुपारी तीनच्या प्रार्थनेला मंदिरात निघाल्याचे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. ‘दिदाखे’ या आरंभीच्या काळातील छोट्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रश्न विचारणारेही होतेच. देवाला आधीच सगळे ठाऊक असेल तर मागायचे कशाला? सुमारे २३३ साली ऑरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला, तो या शंकेला उत्तर देता देताच. आपण प्रार्थना करणार हेही देवाला आधीपासून ठाऊक आहे, असे त्याचे म्हणणे. ज्याला खरोखर काही मागायचे आहे त्याचे एवढ्याने समाधान होईल का, याबद्दल मला शंका आहे.

‘निरंतर प्रार्थना करा’ हे प्रेषित पौलाचे वाक्य शब्दशः घेतले ते इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी. हाताने टोपल्या विणायच्या, तोंडाने स्तोत्रे म्हणायची. त्यांच्याकडून शिकून आलेला जॉन कॅसियन सांगतो की ७०व्या स्तोत्रातील देवाला मदतीसाठी धाव घ्यायला सांगणारी एकच ओळ सुखात, भीतीत, झोपेच्या आधी, सतत घोळवत राहावी. पूर्वेकडच्या मठांत त्याच वळणावर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर’ हा जप रुजला. अशा जपातून देवाचा अनुभव येतो का, यावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. १३५१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने ग्रेगरी पालामास या संन्याशाच्या, म्हणजे जप करणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला.

पश्चिमेकडे सहाव्या शतकात बेनेडिक्ट या संन्याशाने मठांसाठी नियम घालून दिले. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आठवड्यात सगळी १५० स्तोत्रे पूर्ण. वर त्याचा टोमणाही आहे: आपले पूर्वज हे एका दिवसात उरकत, आपण कोमट मंडळींनी निदान आठवड्यात तरी करावे! ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी १५० स्तोत्रांच्या जागी तेवढ्याच छोट्या प्रार्थना मण्यांवर मोजायला सुरुवात केली. पुढे याच प्रथेतून मरियेला वंदन करणारी जपमाळ घडत गेली.

छापखाना आणि सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणा आल्यावर झुकाव दुसऱ्या टोकाकडे गेला. इंग्लंडमध्ये १५४९ साली आर्चबिशप क्रॅनमरने दिवसभराच्या प्रार्थना सकाळ-संध्याकाळ अशा दोनच उपासनांत बसवल्या, त्याही लोकांच्या भाषेत. जुन्या पुस्तकांत काय वाचायचे ते शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त वेळ जातो, ही त्याची तक्रार होती.

मला मात्र सगळ्यांत जवळचे वाटते ते १५३५ साली जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या न्हाव्यासाठी लिहिलेले पत्र. न्हावी होता पीटर बेस्केनडॉर्फ. प्रार्थना कशी करू, असे त्याने विचारले होते. ल्यूथरने त्याच्याच धंद्यातला दाखला दिला: चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर हवे. तो गप्पा मारत इकडेतिकडे बघू लागला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, नाहीतर गळाच. प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक विनंती घ्या, तिच्यावर थांबा. थांबल्यावर मनात चांगले विचार दाटून आले तर ठरलेले शब्द सोडून द्या आणि गप्प बसून ऐका. दिलेल्या शब्दांचा उपयोग त्याने असा लावला. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास या न्हाव्याने जेवणाच्या टेबलावर आपल्या जावयाला भोसकून मारले. ल्यूथरने रदबदली केली, तेव्हा शिक्षा हद्दपारीवर निभावली.

पुढे १७२७ साली सॅक्सनीतील हेर्नहूट गावात २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले, आणि ही अखंड प्रार्थना शंभराहून अधिक वर्षे चालली. विसाव्या शतकात पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत शब्दांचा बांधच फुटला. तिथे ‘अन्य भाषां’तही, म्हणजे बोलणाऱ्यालाही न कळणाऱ्या उच्चारांत, प्रार्थना होऊ लागली.

वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र उपासनेला जमले की एक क्षण हमखास येतो. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक थांबतात. बाकीचे ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत’ असे पुढे म्हणत जातात. मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही. ‘दिदाखे’मध्ये ती थोड्या वेगळ्या रूपात आहे. मग थांबलेल्यांपैकी काहीजण मागून सूर मिळवतात, काहीजण ‘आमेन’ची वाट बघतात.