गॅलरीतली बाग, पंचांग बघून
(ठाण्यातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर झेंडू घ्यायला गेलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. पाय ठेवायला जागा नसते, भाव तासातासाला बदलतो आणि घरी पोचेपर्यंत पिशवीच्या तळाची फुलं चेपलेली असतात. दारापुरत्या तोरणाचा झेंडू पाच-सहा कुंड्यांत होतो. पण त्यासाठी आषाढात हात मातीत घालावे लागतात, आणि गॅलरीत बाग लावून देणाऱ्या आम्हाला बहुतेक फोन येतात ते दसऱ्याच्या आठ दिवस आधी. म्हणून हा कागद. फ्रिजवर लावून ठेवलात तर उत्तम.

आधी ऊन बघतो

पहिल्या भेटीत आम्ही झाडांचे फोटो दाखवत नाही. गॅलरीत उभं राहून ऊन कुठून येतं ते बघतो, कारण निम्म्या बागा तिथेच फसतात. ठाणे साधारण 19 अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत त्या दिवसांत दुपारी ऊन येत नाही, डिसेंबरात मात्र तेच ऊन थेट सोफ्यापर्यंत पोचतं. ‘थंडीत मस्त फुललेलं झाड मेमध्ये का रुसलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. पूर्वेकडची गॅलरी सगळ्यात सोपी. पश्चिमेला एप्रिल-मेचं ऊन पानं भाजतं, तिथे हिरवी जाळी बांधायलाच लागते. उत्तरेला फुलांचा हट्ट धरू नका. नेचे, मनी प्लांट, स्नेक प्लांट तिथे खुशीत राहतात.

वजन, पाणी आणि खालचे शेजारी

बारा इंची कुंडीत नुसती लाल माती भरली आणि पाऊस पडला, की ती तीस किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या एका रांगेत म्हणजे चार-पाच माणसं गॅलरीच्या कडेला कायमची उभी! आम्ही माती कमी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जास्त असं मिश्रण वापरतो, त्याने वजन जवळपास निम्म्यावर येतं. ग्रिलच्या बाहेर कुंडी लटकवण्याचं काम आम्ही घेत नाही. घोडबंदरच्या उंच टॉवरांत जूनचा पहिला वारा काय करतो ते एकदा पाहिलं की कुणीच घेणार नाही.

सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एक चूक झाली होती. कुंड्यांची मांडणी सुरेख झाली, पण पाणी जायच्या जाळीवरच एक मोठी कुंडी बसली. पहिल्याच मोठ्या सरीत गॅलरी तुंबली, पाणी हॉलमध्ये शिरलं आणि खालच्या काकांच्या छताला ओल आली. रंगाचा खर्च आम्हीच दिला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक आराखड्यात जाळीभोवती वीतभर जागा मोकळी असते. कुंडीखालच्या ताटल्याही पावसाळ्यात काढून ठेवा. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा उपड्या करून घासा, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

झेंडू आणि हळद: दोन हिशेब

झेंडूचं बी दिव्याच्या अवसेला पेरा (त्या दिवशी घरात दुसरे बेत असतील तर दुसऱ्या दिवशी पेरा). ट्रे पावसाच्या माऱ्याखाली नको, छपराखाली पण उजेडात ठेवा. गोकुळाष्टमीपर्यंत रोपं बोटभर होतात, तेव्हा कुंडीत लावा. गणपती आले की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण त्यानेच बगलफांद्या फुटतात आणि एका रोपावर दुप्पट कळ्या धरतात. अवसेपासून दसरा 69-70 दिवसांवर येतो आणि झेंडूला साधारण तेवढेच लागतात. मध्ये अधिक महिना आला, तर मात्र दसऱ्यापासून मागे तेवढे दिवस मोजून त्या दिवशी पेरा.

हळद तर आमची लाडकी. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, डोळे फुटलेली ओली हळद दोन इंच खोल लावायची. किराणा दुकानातलं हळकुंड लावू नका, ते उकडून वाळवलेलं असतं, उगवत नाही. पहिला महिनाभर काहीच दिसत नाही आणि घरचे कुंडीत चहाचा चोथा टाकू लागतात. मग पाऊस सुरू झाला की गुंडाळीसारखं एक हिरवं टोक वर येतं. नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं मिळतात, गणपतीत मोदकांखाली घालायला पुन्हा मिळतात. चाळणीवर पान ठेवून झाकण काढल्यावर जो वास येतो, तो विकतच्या कोमेजलेल्या पानाला नाही. पुढे थंडीत पानं पिवळी पडून लोळतात. झाड मेलं म्हणून फेकू नका, पाणी बंद करा. संक्रांतीनंतर कुंडी उलटी केली की हळदीकुंकवाच्या दिवसांत घरची ओली हळद हातात.

गणपतीची आरास

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि खरं सांगायचं तर ते मखर कधी फार देखणं नव्हतंच. आम्ही गॅलरीतल्याच कुंड्या आत घेतो. मागे उंच अरेका पाम, मधल्या पायरीवर नेचे आणि रंगीत पानांचा कोलियस, पुढे दूर्वांचा पसरट ट्रे. कुंड्यांना जुनी खणाची किंवा इरकलीची कापडं गुंडाळली, की प्लॅस्टिक दिसत नाही. दूर्वा जिवंत असल्याने रोजची जुडी तिथल्या तिथे. जास्वंद मात्र बाहेरच ठेवा, उन्हावाचून तिच्या कळ्या गळतात; फूल तेवढं सकाळी आणा. तिच्यावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा. समई पानांपासून हातभर लांब. विसर्जनानंतर कुंड्या एकदम उन्हात नेऊ नका, आठवडाभर सावलीत राहू द्या.

गौरींसाठी तेरडा हवा असेल तर मे-जूनमध्ये बी टाका. येऊरवरून उपटून आणू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

बाकीचं वर्ष

दिवाळीला आम्ही फार काही करत नाही. पणत्या कुंड्यांच्या मधल्या फटींत, बस्स. तुळशीच्या लग्नाला तुळस भरगच्च दिसावी म्हणून पावसाळाभर मंजिऱ्या खुडत राहा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाला लागणारी पानं जमतील तेवढी घरचीच. दसऱ्याला ‘आपटा’ म्हणून विकतात ती पानं पुष्कळदा कांचनाची असतात, पण त्यासाठी गॅलरीत झाड लावू नका, ते जमिनीतलं झाड आहे. पाडव्याच्या कडुनिंबाचंही तसंच. सोसायटीच्या आवारात एक लावायला सचिवांना पटवा, खड्डा आम्ही काढून देतो.

आम्ही काय करतो

भेट देतो, कागदावर आराखडा काढतो, कुंड्या भरून मांडतो आणि पहिले तीन महिने पंधरा दिवसांतून एकदा येऊन जातो. भेटीचे ₹500, काम दिलंत तर बिलातून वजा. परदेशी महागडी झाडं आग्रहाने गळ्यात मारत नाही. सुट्टीवर जाताना रोज पाणी घालायला माणूस मात्र आम्ही देत नाही, तेवढं शेजारच्यांना सांगावं.

एकाच दिवशी आम्ही दोनदा येतो, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला. ऊन कुठवर सरकलं ते बघायला दुसरी चक्कर लागते, तेव्हा दोन्ही वेळी घरात कुणीतरी असू द्या. चहा एकाच चकरेला चालेल.