ठिबकाचा ऊस आणि चार टनांचा फरक

कराडजवळ कृष्णाकाठच्या दहा शेतांत ठिबकावर आणि दहा शेतांत पाटपाण्यावर ऊस घेतला, आणि सरासरी उतारा अनुक्रमे एकरी ४६ व ४२ टन पडला, असे समजू. चार टन पाहून ठिबक सरस ठरवावेसे वाटते. पण नुसत्या पाटपाण्याच्या शेतांतही कोणाला ३६, तर कोणाला ४८ टन मिळतात, कारण जमीन, बेणे, लागणीची वेळ आणि मशागत सगळीकडे सारखी नसते. मग हे चार टन ठिबकाचे, की या नेहमीच्या चढउताराचे?

संख्याशास्त्र प्रथम असे धरून चालते की दोन्ही पद्धतींत मुळात फरकच नाही. ही शून्य परिकल्पना. ती खरी असताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक कितपत दिसेल, हे ठरवण्यासाठी सरासऱ्यांतील फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे तो फरक योगायोगाने साधारण किती हलू शकतो त्या मापाने, भागतात. दोन्ही गटांचे प्रमाण विचलन, म्हणजे एकेका शेताचा उतारा सरासरीपासून साधारण किती दूर पडतो ते माप, ६ टन असेल, तर प्रमाण त्रुटी सुमारे २.६८ आणि भागाकार १.४९ येतो. पाच टक्के पातळीवर, म्हणजे फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची चूक शंभरात पाचदाच चालवून घ्यायची तर, तो किमान २.१० हवा, म्हणून पुरावा अपुरा ठरतो. विचलन ३ टन असते, तर भागाकार २.९८ आला असता आणि परिकल्पना नाकारता आली असती. चार टन तेच राहिले. निकाल फिरला तो गटांच्या आतील विखुरणीमुळे. पुरावा अपुरा म्हणजे फरक नाही, असे मात्र मुळीच नव्हे. अधिक शेते घेतली असती, तर कदाचित तो दिसलाही असता. शिवाय कोणत्या शेतात ठिबक घालायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नसेल आणि चांगली जमीनच ठिबकाकडे गेली असेल, तर कोणतेही गणित उपयोगी पडत नाही.

मोजक्या नमुन्यांसाठीच्या या टी-चाचणीचा पाया डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने घातला. वरील हिशोबात दोन्ही गटांची विखुरणी सारखी मानली आहे. ठिबकाची शेते एकसारखी आणि पाटपाण्याची फार विषम निघाली, तर प्रश्न अवघड होतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे विखुरणी असमान असतानाच्या बेरेन्स आणि फिशर या संख्याशास्त्रज्ञांच्या कसोटीवर, लेख लिहिला. पुढे १९४७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ वेल्च यांनी याच प्रश्नासाठी सुचवलेली पद्धत आज संगणकावर सर्रास वापरली जाते, आणि विखुरणीविषयी शंका असेल तेव्हा तीच वापरावी, असे मला वाटते.