कोलोनोस्कोपीला न येणं म्हणजे बेफिकिरी नव्हे

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: कोलोनोस्कोपीची, म्हणजे कर्करोग वेळीच सापडावा म्हणून दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याची, तारीख दिली तरी ते येत नाहीत, कारण त्यांना तब्येतीची पर्वा नाही किंवा डॉक्टरांवर भरवसा नाही. अविश्वासाला कारण आहेच. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवलं. पण सगळं खापर त्यावर फोडणं चूक आहे.

आदला दिवस डोळ्यांसमोर आणा. जेवण बंद, फक्त पातळ पदार्थ. संध्याकाळी जुलाबाच्या औषधाचा भलामोठा कॅन पुढ्यात. उरलेलं औषध पहाटे उठून प्यायचं. घरात माणसं पाच आणि संडास एक असेल तर? शिवाय गुंगीचं औषध दिलेलं असतं, म्हणून घरी न्यायला ओळखीचं मोठं माणूस लागतं. एकट्याला टॅक्सीत बसून जाऊ देत नाहीत. म्हणजे दोघांचा रोज बुडाला. पगारी रजा नसलेल्या घराला हे कसं परवडावं?

डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रुग्णाला हाताला धरून नेणारे मार्गदर्शक नेमले. डेलावेअर राज्याने तीच वाट धरली. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा खर्च उचलला, फोन करून तयारी समजावणाऱ्या, अडचणी सोडवणाऱ्या नर्स नेमल्या. पन्नाशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीयांत तपासणी झालेल्यांचं प्रमाण २००१ मध्ये सुमारे ४८ टक्के होतं. २००९ मध्ये ते ७४ टक्क्यांवर, गोऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीला आलं.