स्वप्रकाशित पुस्तकातील छायाचित्रे

लेखक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतो तेव्हा त्यात छायाचित्रे घ्यायची का, कोणती, आणि ती कुठे व कशी छापायची, हे ठरवण्याचे कामही त्याच्याच अंगावर पडते. प्रकाशनसंस्थेत ही जबाबदारी संपादक, मांडणीकार आणि निर्मिती विभाग वाटून घेतात.

छायाचित्रांचे पहिले पुस्तक म्हणून ज्याचा मान आहे, तेही खासगीरीत्याच निघाले होते. ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ महिलेने ब्रिटिश शैवालांवरील आपल्या पुस्तकाचा पहिला भाग १८४३ मध्ये काढला. शैवाल संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात उमटवलेली ती निळी सायनोटाइप चित्रे होती. मजकूरही तिच्याच हस्ताक्षरात, त्याच पद्धतीने उमटवलेला. त्यामुळे अक्षरे एका तंत्राने आणि चित्रे दुसऱ्या तंत्राने छापण्याची अडचण तिला आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धत रुळली आणि छायाचित्राचे बारीक ठिपके करून ते मजकुराबरोबर छापता येऊ लागले. हा ठिपका खरखरीत, शोषून घेणाऱ्या कागदावर पसरतो. सावलीतले बारकावे मग काळ्या डागात बुडतात.

म्हणून कागदाचा निर्णय आधी व्हावा लागतो. चित्रे मजकुरासोबत त्याच साध्या कागदावर घेतली, तर ज्या परिच्छेदात उल्लेख आहे तिथेच चित्र येते, पण उठाव कमी मिळतो. आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर, वेगळी छापून ८ किंवा १६ पानांचा स्वतंत्र फर्मा (एकत्र दुमडलेल्या पानांचा संच) मध्ये बांधला, तर चित्रे झळकतात. मात्र वाचकाला सारखी पाने मागेपुढे करावी लागतात. मागणीनुसार छपाईत बऱ्याचदा एक जरी रंगीत चित्र असले तरी आतली सगळी पाने रंगीत धरून दर लावला जातो. खर्च वाचवण्यासाठी रंगीत फोटो कृष्णधवल केला, तर सारख्याच उजळपणाचे लाल व हिरवे रंग एकाच करड्या छटेत मिसळून जातात, हे ध्यानात ठेवावे लागते.

छपाईसाठी साधारणपणे प्रत्यक्ष आकाराला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो त्या हिशेबाने सुमारे साडेतेरा सेंटिमीटर छापता येतो. त्याहून मोठा ताणला तर चित्रातल्या आकारांच्या कडा दातेरी दिसतात. मोबाइलवरून पाठवलेले फोटो वाटेतच आक्रसतात, म्हणून मूळ फाइलच मागवावी. वर्तमानपत्रातले कात्रण स्कॅन करताना छापील ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांवर येऊन चित्रावर जाळी उमटते. शक्य असेल तर मूळ फोटोच शोधावा.

खरा कस निवडीत लागतो. मजकुराने आधीच सांगितलेले पुन्हा सांगणारा फोटो गाळला तरी काही बिघडत नाही. आठवणींच्या आणि कुटुंबकथांच्या पुस्तकांत समूहचित्रांची खोगीरभरती असते. १२ सेंटिमीटर रुंद छापलेल्या चित्रात एका रांगेत १५ माणसे असली, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ८ मिलिमीटर येतात आणि चेहरा त्याहूनही लहान होतो. असे चित्र कातरून त्यातली तीन माणसे मोठी दाखवणे वाचकाच्या जास्त उपयोगाचे. वगळलेल्यांची नाराजी अर्थात लेखकाला सोसावी लागते. फोटोओळीत माणसे, ठिकाण, साल आणि छायाचित्रकाराचे नाव असावे. ‘एक क्षण’ अशी ओळ नसलेली बरी.

घरच्या अल्बमात फोटोची प्रत आहे म्हणजे तो छापण्याचा हक्क आहे, असे नाही. हक्क सहसा छायाचित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. परवानगी लेखी घ्यावी, आणि ई-आवृत्ती काढायची असेल तर तिचाही उल्लेख त्यात करून घ्यावा.

संगणकाचा पडदा स्वतः प्रकाशतो, कागद नाही. त्यामुळे पडद्यावर ठीक दिसणारे चित्र छापल्यावर गडद वाटते. सर्वांत काळोखी दोन-तीन चित्रे निवडून त्यांचे प्रूफ ठरलेल्या कागदावरच काढून घ्यावे.